वाकडी काकडी वेगळी ठेव

दांगुओलेचा पाय प्लास्टरमध्ये,
म्हणून यंदा बाजारात मी.
एकतीस वर्षं कौनास रस्त्यावर बस चालवली,
केदाइनेईचा एकेक थांबा डोळे मिटून सांगेन,
पण बाजार मला ठाऊक तो फक्त आरशातून:
बादल्या घेऊन चढणाऱ्या बायका,
शेपूच्या वासाने भरलेली मागची सीट,
तिकिटाच्या नाण्यांना चिकटलेली माती.

खिडकीत बसून तिने सगळं बजावलं होतं.
पहाटे तोड, दंव असताना. देठ राहू दे.
वजन करताना काट्याकडे बघ, गिऱ्हाइकाकडे नको.
आणि वाकडी काकडी वेगळी ठेव.
का, ते तिने सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही. लग्नाला चाळीस वर्षं झाली
की माणूस प्रश्न जपून वापरतो.

खरं तर वेल माझ्या हाताबाहेर गेले होते.
जूनमध्ये कोवळ्या होत्या.
जुलैत मी दोन दिवस नेवेझिसवर गळ टाकून बसलो,
परत येऊन बघतो, तर अर्ध्या जून.
पानांखाली दडी मारून बसतात या,
हात घालावा तर मनगटभर खाज.
वाटतं, झाल्या सगळ्या काढून;
वळावं, तर पायाशीच एक आडवी,
पोट सुटलेली, पिवळट, निवांत.
तिला तोडताना उगाच स्वतःचा पट्टा सारखा केला.

सातला टेबल मांडलं.
आठपर्यंत भाव कुणीच विचारला नाही.
दांगुओले कुठाय?
पाय मोडला. कसा? शिडीवरून. कसली शिडी?
चेरीची.
मग चेरींचं काय झालं?
पाखरांनी खाल्ल्या.
अरेरे, असं एकजण म्हणाली,
आणि ते अरेरे पायासाठी की चेरींसाठी
ते विचारायच्या आत पुढे गेली.

शेजारची स्टेफानिया बीटच्या जुड्या बांधत होती.
न बघताच म्हणाली, ओरडायला काय पैसे पडतात?
मी घसा साफ केला, तोंड उघडलं,
आणि बाहेर पडलं ते एकतीस वर्षांचं:
पुढे सरका! पुढे सरका! मागे जागा आहे!
अख्खी रांग हसली.
आणि खरंच, लोक सरकले की पुढे.
भवानी झाली.

मग एका बाईने चार युरो हातात ठेवले,
मे महिन्यातल्या रोपांचे, म्हणाली.
दुसरीने खारवायच्या बरणीसाठी काळ्या मनुकांची पानं दिली,
किती घालायची ते तिला माहीत आहे.
टोपीवाल्या एका म्हाताऱ्याने
मुद्दाम निवडून सगळ्या जून काकड्या नेल्या, न बोलता.
रापोलास मधवाला म्हणाला, पैसे राहू दे,
बरणीला दोन किलो, दरवर्षीसारखं.
दरवर्षीसारखं.
मी मान डोलावली, जणू मला माहीतच होतं.

साडेअकराला टेबलाच्या कडेवर एक हनुवटी आली.
माझी?
समोरचे दोन दात नव्हते. योकूबास, असं स्टेफानियाने सांगितलं.
मी वाकडी काढून दिली.
त्याने ती कानाला लावली. हॅलो, म्हणाला,
मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला,
हं, हं करत, माझ्याकडे बघत,
आणि शेवटी रिसीव्हरचा तुकडा मोडून खाल्ला.

रात्रीचे दहा, तरी उजेड जायचं नाव नाही.
दांगुओलेने प्लास्टरवर नाणी मांडून मोजली.
किती भाव लावलास?
दीड.
स्टेफानियाचा?
दोन.
थांबा चुकवून बस पुढे नेली
की प्रवासी बघायचे, तसं तिने बघितलं.
मग एक काकडी उभी चिरली,
वरून मधाची धार सोडली, चाखली.
जून आहे, म्हणाली.
तरी खाल्ली, आणि दुसरी फोड माझ्याकडे सरकवली.

बियांतून मध खाली उतरेपर्यंत आम्ही गप्प होतो.

योकूबास आला होता?
आला होता.
काय म्हणाला?
मला काय विचारतेस, म्हटलं,
तो तुझ्याशी बोलत होता.