जुळ्यांच्या पाठचा

कापूस शिकायला आला होता तो,
पांढरकवड्याच्या जिनिंगमध्ये, सहा महिन्यांसाठी.
बेनिन देशाचा. आम्ही फोन लोक, म्हणाला,
तशी पोट्ट्यांनी खिशातले मोबाइल काढून दाखवले त्याला.
तो हसला.
हा विनोद त्याला नागपुरातच भेटला होता.

दर मंगळवारी तो माझ्या आव्याजवळ येऊन बसे.
मी निवलेली मडकी एकेक ठोकून ऐकायचो,
तोही ऐकायचा, डोळे मिटून.
त्याच्या अबोमेला एक जण जोडघंटा ठोकत
पहाटे राजवाड्याभोवती फिरे, मेलेल्या राजांची नावं घेत.
एक नाव चुकलं की मान जायची म्हणे.
आमच्या इकडे परधान गातो, मी सांगितलं,
बाना वाजवून, गोंडांच्या पिढ्या.
आणि चुकला तर?
चुकला तर एखादी कोंबडी कमी मिळते.

नाव दोसू.
जुळ्यांच्या पाठीवर जो येतो त्याचं हेच नाव,
निवडायचं नसतं, ठरलेलं असतं.
तुमचं?
उकंडा.
हे हिंदीत सांगता येईना. मी त्याला गोठ्यामागे नेलं,
ढिगाकडे बोट केलं.
इथं लोळवलं मला बाराव्या दिवशी.
सुपात घालून शेजारणीला पाच पैशाला विकलं, परत घेतलं,
सटवीला वाटावं, केर आहे, नेऊन काय करायचा.
कारण माझ्या आधीचे दोघं
एका रात्रीत झाले, एका आठवड्यात गेले.
तो बराच वेळ उकिरड्याकडे बघत राहिला.
मग तुम्ही पण दोसू, म्हणाला. मोठे दोसू.

कुठं आहेत ते?
नाल्याकाठी, मोहाखाली. वर काटे टाकले होते, कोल्ह्यांच्या भीतीनं.
तसं नाही. घरात कुठं आहेत?

त्यांच्यात जुळं गेलं की वीतभर लाकूड कोरतात.
त्याला आंघोळ घालतात, बाजारात सोबत नेतात,
जेवताना त्याच्यापुढे घास ठेवतात.
मेले म्हणायचं नाही.
जंगलात गेलेत म्हणायचं, सरपण आणायला.

आई आत खाटेवर. नव्वदीची, कानानं अर्धी.
काय म्हणते रे तो?
मी सांगितलं.
माझ्या साऱ्या आयुष्यात ज्यांच्याबद्दल तिनं एक शब्द काढला नव्हता,
त्यांच्यावर ती चिडली,
"बाप्पा! लय उशीर लावला मंग पोट्ट्यायनं."

पोळ्याच्या बैलांची माती उरली होती.
बैल येतात माझ्या हाताला, माणसं येत नाहीत.
दोन झाले बोटाएवढे, तोंडानं जरा बैलच.
भाजले. आईनं ओळखले.
थोरला कोणता, तेही तिनंच सांगितलं.

दोसू दिवाळीआधी गेला.
जाताना भोक पडलेलं मडकं मागितलं.
चांगलं ने ना लेका, भोकाचं मडकं आमच्यात एकाच कामाचं.
आमच्या एका राजाची खूण होती ती, म्हणाला,
सगळ्यांनी एकेक बोट लावलं तर पाणी राहतं आत.
राजांचं सोपं असतं, मी म्हटलं. त्यांना बोटं पुष्कळ.
तो गप्प झाला.
मग म्हणाला, त्याच राजानं माणसं विकली,
किनाऱ्यावर, जहाजवाल्यांना.
परत कुणी घेतली नाहीत.

आई माघात गेली.
खांद्यावर मडकं घेऊन मी सरणाभोवती फिरलो,
उपरण्याच्या गाठीत ते दोघं.
मागून भावकीतला झिबल दगड मारत होता.
पहिल्या फेरीला एक धार. दुसरीला दोन.
तिसऱ्या भोकावर माझं बोट कधी गेलं
मला कळलं नाही.
झिबल ओरडला, "सोड ना बे!"
मडकं माझ्याच चाकावरचं.
आतलं पाणी बोटाला गार लागत होतं.
सोडलं.

घरी आलो.
सुतकात चूल पेटत नाही, तरी
अंगणात मोळी होती,
मोहाच्या वाळक्या काड्यांची,
लहान, पोरांच्या डोक्याला पेलेल एवढी.
शेजारणीनं ठेवली असेल.
विचारलं नाही कुणाला.