जसे आहेत तसे

डेलमार कटलिपने चार टायर शेडच्या भिंतीला टेकवले
आणि म्हणाला, एकशे साठ डॉलर, जसे आहेत तसे.
चिखलाचे टायर. बाहेरच्या कडेला ठोकळे अंगठ्याएवढे जाड,
आतल्या कडेला करंगळीचं नख बुडेल एवढीच खाच.
तिसरा नुसता लाटांचा, उंच-सखल, उंच-सखल,
हात फिरवला तर वाटे, कुणी दातांनी कुरतडलाय.
चौथा भलत्याच कंपनीचा.
नवे घ्यायचे तर बाराशे.
दगडापेक्षा वीट मऊ, मी मराठीतच म्हटलं
आणि पैसे मोजले.

मी चाल वाचते. त्याचेच मला पैसे मिळतात.
वेबस्टर काउंटीच्या घळीघळींतून,
जिथे पूल वाहून गेला की टपालही आठवडाभर फिरकत नाही,
घरोघरी जाऊन गुडघे वाकवते, खुबे उचलते,
खाणीतून कायमच्या वर आलेल्या माणसांना
स्वयंपाकघरापासून पोर्चपर्यंत पुन्हा चालवते.
दारात शिरताना आधी त्यांचे बूट बघते.
टाच कुठे झिजली त्यावरून कळतं
दुखणं कुठल्या बाजूला राहायला आहे.

कराडला शिदूकाका चपला शिवायचे.
तोंड न बघता, नुसता तळ उलटा करून सांगत :
ही शिक्षिकाबाईंची, सदा घाईत.
ही तुझ्या बापाची. एक खांदा पाडून चालतो,
ओझं कसलं आहे, विचार एकदा.
मी कधी विचारलं नाही.

म्हणून टायरही वाचले.
कुणाचा तरी ट्रक वर्षानुवर्षं डावीकडे ओढत होता.
शॉक गेलेले, ॲक्सल वाकलेला.
दुरुस्तीला पैसे नव्हते, किंवा वेळ,
किंवा सवयच झाली होती
डावीकडे जाणारं उजवीकडे धरून
सरळ आहे असं दाखवायची.

बरी जोडी पुढे घातली, वाईट मागे.
डांबरी रस्त्यावर तीस मैलांना घुंsss,
चाळीसला स्टेअरिंगमधून कोपरापर्यंत थरथर,
कपातली कॉफी आपोआप ढवळली जाई.
पन्नासला मी गेलेच नाही.
पण होली रिव्हरकडच्या चढावर, मार्चमधल्या पिवळ्या गाळात,
टायर फिरले, फिरले, थुंकले,
आणि जी कड कमी झिजली होती
तिने काहीतरी पकडलं.
ट्रक तिरका, खेकड्यासारखा. पण वर.

वर एमरी हॅमरिक पोर्चवर उभा.
वॉकर न धरता. डावी बाजू अर्धांगाने नेलेली,
मागून ओपल ओरडतेय.
तो माझ्याकडे बघतच नव्हता.
"खालच्या डांबरीपासून ऐकतोय," अर्ध्या तोंडाने म्हणाला,
"तीस मैल. तीसलाच गातात ते."
अंगणात विटांवर निळी फोर्ड, चाकांविना,
हुडवर एक कोंबडी बसलेली.

ओपल आपल्या हातांकडे बघू लागली.
डेलमारने शंभर दिले, ती पुटपुटली,
गोळ्यांचे तेवढे निघाले.
एकशे साठचं मी बोलले नाही.

तोवर तो निघाला होता.
पाच पायऱ्या. सहा आठवडे तीनच्या पुढे
तो कधी गेला नव्हता, आणि मी
हात पुढे करून मागे-मागे, आई चालते तशी.
ठोकळ्यांवर त्याने उजवा हात फिरवला,
मग उजव्याने डावा उचलून
तोही ठेवला.

"लाटांचा आहे तो पुढे उजवीकडे घाल.
हवा अठ्ठावीस. आणि स्टेअरिंग आवळू नकोस.
जातं थोडं डावीकडे, जाऊ दे.
येतं परत."

मी सवयीने त्याच्या बुटांकडे बघितलं.
दवाखान्याने दिलेले, नवेकोरे, महिनाभर न झिजलेले.
डाव्याचं टोक तेवढं खरवडलं होतं,
आत्ताच,
पायऱ्यांवर.