कान

ती शिट्टी मला ऐकू येत नाही,
हे मी गिऱ्हाइकांना सांगत नाही.
चाळीस वर्षं इंजिनांत डोकं घातलं,
वरचे सूर झिजले,
खालची घरघर तेवढी उरली.

लामारा शाळेत भूमिती शिकवते.
कुताइसीच्या पुलावरून तिची जुनी ओपेल आली
ती रडतच, म्हणे.
'ऐका ना, नुगझार. सुई टोचल्यासारखं.'
मी ऐकल्यासारखं करतो
आणि कुत्र्याकडे बघतो.
रेस वाढवली
की त्याचा डावा कान फडकतो.
म्हणजे आहे.

पट्ट्यावर ओंजळभर पाणी मारलं.
कान फडकतोच आहे. पट्टा निर्दोष सुटला.
मग लांब स्क्रूड्रायव्हर :
टोक आल्टरनेटरवर, मूठ माझ्या दातांत.
कवटीत कुणी वाळू दळायला बसलं.

'बेअरिंग गेलंय.'
ती बराच वेळ गप्प.
'हिवाळ्यापासून सांगतेय घरी.
नवरा म्हणतो, तुझ्याच कानात वाजतंय.'

संध्याकाळी नवं बेअरिंग बसलं, किल्ली फिरवली.
मला सकाळइतकंच शांत.
कुत्रा झोपून गेला.

पैसे मोजताना तिनं विचारलं,
याला इंजिनाच्या इतकं जवळ का बसवता?

म्हातारा झालाय, म्हटलं.
ऊब लागते त्याला.