थांबण्याचा खर्च

नांदुरीचा घाट उतरताना पेडल मऊ लागलं,
ओल्या उशीवर पाय दिल्यासारखं.
दुसऱ्यात टाकली, हँडब्रेक ओढला,
कठड्याच्या कडेला कशीबशी लावली.
मागे कुमुद आणि तिची मावशी, मावशीच्या मांडीवर पेढ्यांचा पुडा,
त्याच्याही मागे, डिकीतल्या सतरंजीवर,
शेजारचा अथांग, ज्याला कायम तिथंच बसायचं असतं.
"काहीतरी जळतंय," मावशी म्हणाली.
मी म्हटलं, "क्लच असेल."
उतरून चाकाजवळ हात नेला. तवा.

मरीना, दोन हजार पाचची, फिकट बदामी.
सोसायटीत तिला ॲम्ब्युलन्स म्हणतात.
विकायला काढली तर पंचावन्न हजार येतील,
ब्रेकचा अंदाज निघाला एकेचाळीस.
"साहेब, एवढे पैसे इंजिनावर लावा,"
यासीनभाई हात पुसत म्हणाले, "निदान पळेल तरी."
पळते ती.
पळण्याबद्दल माझी तक्रारच नाही.

मोठ्या डिस्क पुण्याहून आल्या, पोत्यात गुंडाळून.
दोन पिस्टनचे कॅलिपर एका ठोकलेल्या गाडीचे.
मागून ठोकली होती, असं भंगारवाल्याने
मी न विचारता दोनदा सांगितलं.
ब्रॅकेट अंबडच्या पगारेने करून दिलं,
दुसऱ्या पाळीत, जेवणाच्या सुट्टीत. पैसे घेतले नाहीत,
फक्त म्हणाला, ड्रॉइंगवर सही तुमची हवी.
आणि सगळं लावल्यावर चाक बसेना.
तीन मिलिमीटर.
तीस वर्षं मी सातपूरला गेज लावून
लोकांचा माल परत पाठवत आलो.
तीन मिलिमीटर म्हणजे काय, हे मला कुणी सांगू नये.
म्हणजे पंधरा इंची रिम. म्हणजे टायर.
कुमुदने आकडा वहीत लिहिला
आणि वही मिटून फ्रिजवर ठेवली.

हवा काढायला दोन माणसं लागतात.
यासीनभाईंचा पोरगा तापाने झोपलेला,
म्हणून शाल्मली बसली स्टिअरिंगमागे.
नवं लायसन्स, आणि मार्चपासून माझ्याशी
कुमुदमार्फतच बोलणं.
मी जमिनीवर, बाटली आणि नळी घेऊन.
सगळ्यात लांबचं चाक आधी, मग जवळची. तशीच रीत आहे.
"दाब."
"दाबलं."
"धरून ठेव."
"धरलंय."
अर्धा आटा सैल केला. चहाच्या रंगाचं तेल आलं,
त्यात बुडबुडे, किती वर्षांचे कोण जाणे.
"सोडू?"
"मी सांगेपर्यंत नाही."
आटा घट्ट केला.
"सोड."
चार चाकं, दीड तास, हेच चार-पाच शब्द.
शेवटच्या चाकाला ती स्वतःच म्हणाली,
"आता कडक लागतंय, बाबा."

नव्या पॅडना आधी सवय लावावी लागते.
पहाटे साडेपाच, म्हसरूळ मागे टाकून दिंडोरी रोड.
ती चालवते, मी डावीकडे.
साठवरून दहावर. पूर्ण थांबायचं नाही.
परत साठ, परत दहा.
दोन्हीकडे द्राक्षांच्या बागा, काचेतून फवारणीचा वास.
टोमॅटोचा एक पिकअप बराच वेळ मागे राहिला,
मग शेजारून जाताना ड्रायव्हरने बोट कपाळाला लावून फिरवलं.
सहा. सात. आठ.
नवव्या खेपेला कुत्रं.

गाडी थांबली.
सरळ, कुठंही न ओढता,
मागची सतरंजी घसरून सीटला येऊन टेकली.
समोर काचेत पाच-सहा हात रस्ता शिल्लक होता.
मी श्वास घेतला, आणि मग कळलं
माझा उजवा पाय पायपुसण्यात रुतलाय,
गुडघ्यापर्यंत ताठ,
जिथं माझ्या बाजूला काहीच नाही दाबायला.

शाल्मलीने खाली बघितलं.
"बाबा," ती म्हणाली, "सोडा."

कुत्रं मध्येच उभं,
कुठल्या बाजूला जायचं ते ठरवत.