तिसऱ्या नंबरचा प्लग

मकदूम मिस्त्रींनी चारही प्लग काढले
आणि कालच्या पेपरवर ओळीने मांडले,
पंगतीला बसवलेल्या पोरांसारखे.
परभणी, जिंतूर रोड, मे महिना.
बॉनेटवर हात ठेववत नव्हता.

पहिला, दुसरा, चौथा कोरडे, बिस्किटी,
टोकाशी चहाच्या डागाएवढा रंग.
तिसरा काळा. ओला.
त्यांनी तो आधी स्वतःच्या नाकाशी नेला, मग माझ्या.
"ये जलता नै मॅडम, खाली पीता."

मी मोंढ्यातून महागाचे आणले होते.
काउंटरवरचं पोरगं म्हणालं होतं, इरिडियम,
लाखभर किलोमीटर बघायला नको.
मिस्त्रींनी डबी उघडली, सुईसारखं टोक पाहिलं,
आणि डबी मिटून माझ्या हातात दिली,
चुकीच्या घरी आलेली लग्नपत्रिका परत करावी तशी.
फियाट चौऱ्याऐंशीची, कॉइलही तिच्याच वयाची.
एवढा थाट तिला झेपायचा नाही.

तेहतीस वर्षं मी रसायनशास्त्र शिकवलं.
ज्वलन. फळ्यावर बाण.
तरी मला वाटायचं, या उन्हात थंडच प्लग हवा,
जसा माठ हवा, खिडकीला वाळ्याचा पडदा हवा.
मिस्त्री हसले. ऊन बाहेर, म्हणाले, आग आत.
तुमची गाडी घर ते भाजीबाजार, फार तर बँक,
तापायच्या आधीच थांबते.
प्लग गाव बघून घालत नसतात, चाल बघून घालतात.
रोज नांदेडला पळाली असती तर गोष्ट वेगळी.

मग जुन्याला नवा खेटून उभा केला, आटे जुळवले.
पूर्णेच्या एका डॉक्टरांनी लांब आट्याचा घातला होता,
पिस्टनने त्याचं नाक ठेचलं.
हे सांगताना मिस्त्रींनी स्वतःचं नाक दाबलं.

गॅपसाठी हॅकसॉचं तुटकं पातं.
ते सरकलंही पाहिजे आणि अडलंही पाहिजे.
फट जास्त झाली की फरशीवर एक टिचकी,
पुन्हा पातं, पुन्हा एक डोळा बारीक.

तीन साधे.
तिसऱ्या जागी मात्र एक नंबर गरम.
"तिथं वेगळा का?"
माझ्या वर्गात सगळ्यांना एकच पेपर असायचा.
तिथली रिंग गेलीय, ते म्हणाले, तेल वर येतं,
त्याला जाळायला जास्त धग लागते.
इंजिन खोलायचं तर पंचवीस हजार.
नाहीतर हे एकशेतीस.

एक, तीन, चार, दोन.
इंजिन असं मोजतं.
तीन दोनाच्या आधी येतो,
हे मला साठी उलटल्यावर कळलं.

काळा प्लग मी रुमालात बांधून ठेवला. का, माहीत नाही.
उड्डाणपुलाच्या चढावर गाडी पुन्हा जराशी अडखळली,
म्हणून तशीच वळवून परत आणली.
मिस्त्री डबा उघडून बसले होते.
"प्लगचं नाही ते," घास न थांबवता म्हणाले,
"चढ दिसला की तुम्ही पाय उचलता."