खुडूक

एकतीस वर्षं मी शाळाशाळांतून मुलांचे फोटो काढले.
काराकेटपासून खाली, किनाऱ्याकिनाऱ्यानं,
गाडीत तोच आभाळी पडदा, तेच गोल स्टूल.
हनुवटी जरा वर. खांदे सैल. इकडे बघ.
आता तो पडदा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचलाय
आणि स्टुलावर कोंबडी बसते.

ओडिल त्यांना शनिवारी न्हाऊ घालते.
तीन घमेली: साबणाचं, साध्या पाण्याचं,
तिसऱ्यात चमचाभर व्हिनेगर.
भिजली की सिल्की कोंबडीचं काही उरतच नाही हो.
मूठभर काळं कातडं, पायाला पाच पाच बोटं,
आणि तोंडावर भलता अपमान.
मग केस वाळवायचं यंत्र, मंद वाऱ्यावर,
आणि अर्ध्या तासात ती पुन्हा फुगते,
उशीतून निसटलेल्या सावरीसारखी.
पीस म्हणावं तर पीस नाही, लोकर म्हणावं तर लोकर नाही.
उडता येत नाही. तिला त्याचं काही वाटत नाही.

पांढरी फारीन, म्हणजे पीठ, ती सोपी.
उजेड तिच्यावर आपणहून येऊन बसतो.
काळ्या मेलासनं, म्हणजे काकवीनं, मला रडवलं.
पिसं काळी, चोच काळी,
आत हाडंसुद्धा काळी म्हणतात; मी बघायला जाणार नाही.
उजेड वाढवला तर पडदा जळतो,
कमी केला तर कोंबडी जाते.
चाळीस फोटोंत हाती काय लागलं?
कानाची एक निळी पाळी,
अंधारात कुणाच्या कोटाचं तुटून पडलेलं बटण.
डोळे तर तुऱ्याखाली कायमचे सुट्टीवर.
तुरा रबरबँडनं बांध, ओडिल म्हणाली.
मी बांधला नाही.

मार्चमध्ये, उपसागर अजून गोठलेला असताना,
माझ्या लेन्सचं झाकण हरवलं.
गाडी धुंडाळली, कोटाचे खिसे, पिठाचा डबासुद्धा.
ओडिलवर उगीच चिडलो.
तिसऱ्या दिवशी तिनं मेलासला उचललं, बोटाला टोच खाल्ली,
आणि मला हाक मारली.
झाकण पेंढ्यात होतं. ऊन ऊन.
खुडूक बसली होती बाई प्लास्टिकच्या चकतीवर,
एकवीस दिवसांची तयारी करून.
ते परत घ्यायचं दोघांच्याही जिवावर आलं.

त्याच शनिवारी फ्लोरियाँ आला,
खेकड्यांच्या बोटीवरचा, मुलीसाठी पिल्लं बघायला.
दारातच म्हणाला, ओळखलं नाहीत, मसिए थेरिओ?
मी सहावीतला, डोळे मिटणारा.
तीनदा काढलात, तिन्ही वेळा मिटले.
शेवटी आईनं तोच घेतला, मोठ्या आकाराचा.
अजून जिन्यापाशी आहे.
मला काही म्हणजे काही आठवेना.
हजारो हनुवट्या. लाज वाटली.

बस, म्हटलं.
स्टूल त्याला पुरेना.
मेलास त्याच्या हातांत दिली, दोरांनी कापलेल्या त्या हातांत,
तर ही जरा कुरकुरली आणि बुड टेकून बसली,
जणू इथंच अंडी होती आणि तो उशिरा सापडला.
हनुवटी जरा वर, मी म्हणालो, सवयीनं.
दोघांनीही केली.
तेवढ्यात ओडिलनं मागचं दार उघडलं,
वाऱ्याची एक झुळूक,
तुरा बाजूला झाला.

फ्लोरियाँचे डोळे मिटलेले. अर्थात.
पण तिचा एक डोळा, काळ्यात काळा, लख्ख.
त्यात खिडकी, खिडकीला टेकलेला बर्फ,
आणि एका म्हाताऱ्याचं कोपर.

पुन्हा काढू या का? त्यानं विचारलं.
राहू दे, म्हटलं.
पिल्लं नाहीत आत्ता. एकवीस दिवसांनी ये.

रात्री ओडिलनं दिवा न लावता
फारीनची चार अंडी मेलासच्या पोटाखाली सारली,
आणि झाकण माझ्या तळहातावर ठेवलं.
मी ते लगेच लेन्सवर लावलं नाही.