हातचा

केयोनला रस्ता संपतो,
पुढे फक्त प्लँटचा भोंगा आणि समुद्र.
मी सान्तियागोहून आले, चौसष्ट प्रश्न घेऊन,
बगलेत टॅबलेट, ओल्या हवेला घाबरणारा.

रोसाल्बा नाउएल्किननं चुलीवर किटली सरकवली.
लाकडं दमट; धूर आधी पाहुणीकडे आला.
"गेल्या आठवड्यात तुम्ही निदान एक तास
मोबदल्याचं काम केलंत का?"
ती म्हणाली, प्लँट बंद आहे नऊ दिवस,
मासे लहान आहेत म्हणे, वाढू देतायत त्यांना.
मग तिला आठवलं : ओहोटीला लुगा काढला होता,
तांबडं समुद्री शेवाळ, दोन पोती.
ट्रकवाल्यानं वजनात मारलं, पण पैसे दिले.
मी "होय"वर बोट टेकवलं.
एका बोटासरशी ती रोजगारात आली.
अशा सगळ्याजणी मोजल्या की बेकारी उतरते,
आणि त्यात खोटंही काही नसतं.

एरवी ती काटे काढते.
सॅमनच्या फाकीतून, चिमट्यानं, एकेक,
चौदा वर्षं, ट्रेमागे पैसे.
रांगेत सगळ्या बायकाच, पांढऱ्या टोप्या, निळे हातमोजे.
बायकांची बोटं नाजूक, असं कुणीतरी
कधीकाळी म्हणून गेलं,
नाजूकपणाचा दर तेव्हापासून हललेला नाही.
पलीकडे मशीनवर ओर्लिन बार्रिया,
तिच्याच शाळेतला, दोन इयत्ता मागचा,
प्लँटात येऊन पाच वर्षं.
त्याला महिन्याचा पगार, आणि बूट कंपनीचे.

ऑफिसात हे सगळं ओळीत बसतं.
शिक्षण वजा केलं, वय वजा केलं,
पाळी, तास, बेट की मुख्यभूमी,
दरी आकसत गेली.
अनुभव वजा केला तेव्हा उलट रुंदावली,
सगळे जरा गप्प झालो, कॉफी आणली.
शेवटी शंभरात अकरा उरले.
त्या अकरांना आमच्यात नाव आहे :
स्पष्ट न झालेला भाग.
तक्त्याखाली, बारीक टाइपात, तारा काढून.
प्रोफेसर सांगतात, त्याला भेदभाव म्हणू नका,
आपल्याला माहीत नाही, एवढंच म्हणा.
बरोबर आहे त्यांचं.
मीही तेच लिहिते.

"आणि हे विचारायचे तुला किती मिळतात?"
एकोणपन्नासावा प्रश्न चालू होता.
मी आकडा सांगितला, एका मुलाखतीचा.
ती ओठांतल्या ओठांत मांडू लागली :
आठ नि सात पंधरा,
पाचाला पाच, हातचा एक...
आणि तो एक धरायला बोट वर करायला गेली,
तर ते उघडेना.
मधलं बोट, चिमट्याचं. सकाळी सांध्यात अडकतं,
उबेला धरलं की सुटतं.
तिनं किटलीला धरलं.
जरा वेळानं म्हणाली, "एकशे अठरा ट्रे."
रागानं नाही,
बाजारात बटाट्याचा भाव म्हणावा तसं.

माझ्या फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता.
मी पन्नासावा प्रश्न वाचला.

सहीला तिनं डावा हात पुढे केला.
अक्षर पहिलीतल्या मुलीचं, चौकटीबाहेर सांडलेलं.
पुन्हा प्रयत्न करा, टॅबलेटनं सांगितलं.
तिनं पुन्हा प्रयत्न केला.

निघताना एक मिल्काओ दिला, बटाट्याचा, गरम,
जुन्या पगारपावतीत गुंडाळून.
"हा कुठे मांडू नकोस," म्हणाली.

बसमध्ये मी हिशेब तपासला.
सगळं जिथल्या तिथे, अकराचे अकरा.
पावतीवरची शाई तुपकट होऊन फुटत होती,
कपात आणि निव्वळ एकमेकांत मिसळत होते,
आणि तो एक,
तिनं किटलीपाशी धरून ठेवलेला,
मी कुठेच मिळवला नव्हता.